बारा इंची चौकोन : जॅझच्या आवरणांच्या सूचीच्या नोंदी

८ जून २०२५

आज काम रीतसर सुरू झाले. पुण्यातील आम्ही तिघे, ठाण्याचे काका आणि नाशिकचे डॉक्टर अशा पाच जणांनी आपापल्या संग्रहातील जॅझच्या जुन्या एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकड्या, एकत्र मांडल्या आणि निवडीअंती एकसष्ट आवरणे सूचीसाठी उरली. गेली काही वर्षे आम्ही ही चित्रे फोनवरून एकमेकांना पाठवत आलो आहोत. एखादे दुर्मिळ कव्हर कोणाच्या हाती लागले की रात्री अकरा वाजता त्याचा फोटो येतो, चार जणांचे अंगठे त्यावर उमटतात आणि सकाळच्या शुभेच्छांखाली ते गाडले जाते. या देवघेवीत चित्र पोचते. ते कोणी काढले, कोणत्या वर्षी आणि कशावर छापले, यातले काही पोचत नाही. म्हणून प्रत्येक आवरणाचे एक कार्ड करायचे ठरले आहे. चित्रकाराचा रकाना सर्वांत वर ठेवला असून, तो रिकामा असेपर्यंत कार्ड पूर्ण झाले असे मानायचे नाही, ही अट मी घातली आणि बाकीच्यांनी ती कुरकुरत मान्य केली.

शब्दावरूनही थोडा खल झाला. डॉक्टरांना ‘वेष्टन’ हवे होते, मला ते साबणाच्या वडीचे वाटते. लेखी नोंदीत ‘आवरण’ आणि बोलताना सगळे म्हणतात तसे ‘कव्हर’, असा तोडगा निघाला.

प्रस्तावनेसाठीचे टिपण आजच करून ठेवतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात चार-पाच तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत घालून विकत आणि अल्बम हा शब्द तिथूनच आला. या पुस्तकांची बाहेरची बाजू बहुधा तपकिरी किंवा करडी असे आणि तिच्यावर नावापलीकडे काही नसे. धंद्यातले लोक त्यांना थडग्यांचे दगड म्हणत. ब्रिजपोर्टमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या नोकरीत नुकताच लागलेला अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा ब्रुकलिनचा तरुण १९४० साली पहिल्यांदा या पुठ्ठ्यावर चित्र छापायला मालकांना राजी करू शकला. रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या त्या संचासाठी त्याने इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी फलकावरची अक्षरे बदलून घेतली आणि त्या फलकाचा फोटो छापला. तो संच जॅझचा नव्हे, नाटकांतल्या गाण्यांचा. पण पुढे जॅझच्या आवरणांवर जे घडले त्याची वाट तिथून निघते. १९४८ मध्ये कोलंबियानेच एलपी बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी छापील कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्याचे पाकीट सिद्ध करण्याच्या कामातही तोच होता. आमच्या एकसष्टांत स्टाइनवाइसचे एकही आवरण नाही, ही खंत आहेच.

१५ जून

आजचा दिवस अठरा मिलिमीटरने खाल्ला. भाड्याने आणलेला स्कॅनर ए-थ्री आकाराचा आहे, म्हणजे त्याची काच २९७ बाय ४२० मिलिमीटरची, आणि बारा इंची एलपीचे आवरण प्रत्येक बाजूने सुमारे ३१५ मिलिमीटरचे असते. एकदा डावी कड काचेला लावून आणि एकदा उजवी कड लावून, असे प्रत्येक आवरण दोनदा घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे, हाच मार्ग उरला. दहा इंची आवरणे मात्र काचेवर आरामात मावतात, त्यामुळे ती आज दुपारीच उरकली.

अमेरिकी आवरणांचा पुठ्ठा जाड असल्याने दुसरीच अडचण आली. कण्याकडची बाजू काचेच्या चौकटीवर चढते, त्यामुळे तिथे दोन-तीन मिलिमीटरची फट पडते आणि तेवढी पट्टी धूसर येते. हलक्या स्कॅनरमध्ये काचेला टेकलेलेच स्पष्ट दिसते. आत भिंग आणि आरसे असलेल्या जुन्या धाटणीच्या यंत्राला एवढी उंची चालते. पुढच्या रविवारी तसे यंत्र आणायचे आहे. इंचाला ६०० बिंदू या हिशेबाने आवरणाची एक बाजू सुमारे ७४०० बिंदूंची होते आणि सोळा बिटांची एक फाइल ३३० एमबीच्या आसपास जाते. काकांनी हा आकडा ऐकून, “एवढ्यात माझ्या सगळ्या नातवंडांचे फोटो मावतील,” असे म्हटले. पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी दोन टेराबाइटची डिस्क कुरियरने पाठवली.

२२ जून

पाऊस चांगला लागला आहे आणि खोलीतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. डॉक्टरांच्या पेटीतील तीन आवरणांवर पांढरी बुरशी दिसली, एका कण्यावर कसर लागून कागद जाळीदार झाला होता. बुरशी ओल्या फडक्याने कधीच पुसायची नाही, ती आत रुजते. आवरणे आधी कोरड्या हवेत ठेवून मग मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झटकायची, असे ताईंनी सर्वांना बजावले. पुण्याच्या तिघांतील या ताई छायाचित्रकार आहेत आणि कागदाच्या बाबतीत आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक कडक आहेत.

खरे नुकसान मात्र माझ्याच घरात निघाले. वीस वर्षांपूर्वी काळजी म्हणून मी काही आवरणांना पीव्हीसीचे जाड पारदर्शक कव्हर घातले होते. ते प्लास्टिक उष्णतेने घाम सुटल्यासारखे चिकट होऊन छपाईला धरून बसले आहे आणि ओढले तर शाईसकट निघते. एका आवरणावरचा काळा रंग अंगठ्याएवढा निघून आला. उरलेली पाच मी तशीच ठेवली असून, कार्डावर दोषाच्या रकान्यात कारण म्हणून स्वतःचे नाव लिहिले आहे.

६ जुलै

आजचा संपूर्ण दिवस डेव्हिड स्टोन मार्टिन या एका माणसावर गेला आणि तो तसा जायलाच हवा होता. नॉर्मन ग्रँझच्या क्लेफ, नॉरग्रान आणि नंतर व्हर्व्ह या कंपन्यांसाठी त्याने काढलेली अकरा आवरणे आमच्याकडे आहेत. शिकागोत १९१३ साली जन्मलेला हा चित्रकार बेन शान या नामवंत चित्रकाराचा साहाय्यक होता. पियानोवादक मेरी लू विल्यम्स हिच्या मैत्रीतून तो आवरणांकडे वळला आणि १९९२ मध्ये वारला तोवर त्याच्या नावावर चारशेहून अधिक आवरणे जमा झाली होती. क्लेफच्या लेबलावर दिसणारा ट्रम्पेटवाला हेही त्याचेच चित्र.

त्याची रेघ भिंगाखाली पाहण्यासारखी आहे. तो अगदी बारीक निबाने काढी. रेघ केसासारखी निघते, कोपराशी किंवा गुडघ्याशी आली की एकाएकी फुगते आणि कधी कधी शाईच्या थेंबातच संपते. तो थेंब पुसलेला नसतो, उलट तिथेच वाद्याची किल्ली किंवा बुटाचे टोक होऊन बसतो. सगळे चित्र काळ्या शाईत आणि त्यामागे एखाददुसरा सपाट रंग, तोही रेघेच्या आत नेमका न भरता थोडा बाजूला सरकवलेला. या सरकण्याला ठाण्याचे काका प्रथम छपाईतली चूक समजत होते. अकरा आवरणे शेजारी ठेवल्यावर दिसले की त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी रंगाची कड रेघेपासून मुद्दाम दूर गेली आहे, कारण त्याच आवरणांवरची छापील अक्षरे रंगावर नेमकी बसली आहेत; चूक असती तर अक्षरेही हलली असती.

सही हा आजचा खरा विषय होता. या आवरणांच्या मागच्या बाजूला चित्रकाराचे नाव नेहमी असतेच असे नाही, पण पुढच्या बाजूला कोपऱ्यात त्याची सही बहुधा सापडते. चित्रकार दीनानाथ दलालांची सही आपल्याकडे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आधी शोधली जाते आणि मग चित्र पाहिले जाते, तसेच हे. एकसष्टांतील किती चित्रकारांना स्वतःच्या सहीचा हक्क मिळाला, हे मोजायला हवे, असे मी टिपून ठेवले.

अकरांतल्या एका आवरणाने मात्र अडवले. नॉरग्रानची ही दहा इंची एलपी डॉक्टरांच्या वडिलांनी मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून घेतली होती. मागे चित्रकाराचे नाव नाही आणि पुढे खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे सही असण्याचा संभव सर्वांत जास्त, नेमके तिथे त्या दुकानाचे किमतीचे लेबल चिकटवलेले आहे. रेघ त्याचीच आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु रेघेवरून नाव लिहायचे की सही पाहूनच, यावर एकमत झाले नाही. वाफ देऊन लेबल काढावे असे काकांचे मत पडले. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त आवरण उचलून त्यांनी आपल्या मांडीवर ठेवले. रकाना रिकामा सोडला.

१३ जुलै

जिम फ्लोराचे एकच आवरण आमच्याकडे आहे, आरसीए व्हिक्टरचे ‘माम्बो फॉर कॅट्स’, १९५५ सालचे. फ्लोरा आधी कोलंबियात स्टाइनवाइसच्या हाताखाली होता. त्याच्या वादकांना हवे तितके हातपाय असतात, चेहरे हिरवे-लाल असतात आणि डोळे कपाळावर किंवा कानाजवळ, सोयीने. चित्र स्वच्छ आले, चित्रकाराबद्दल वाद नाही, कार्ड अर्ध्या तासात पूर्ण झाले. आमच्या घरातील पाच वर्षांच्या मुलीने त्याच्याकडे पाहून “हे मी काढलंय?” असे विचारले, याची नोंद कार्डावर नाही, म्हणून इथे.

२७ जुलै

आज माझी चांगलीच जिरली, आणि ती कशी जिरली हे सविस्तर लिहून ठेवणे इतरांच्या उपयोगाचे आहे.

अँडी वॉरहॉल सूपच्या डब्यांमुळे प्रसिद्ध झाला, त्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रे काढून पोट भरत होता आणि त्याच काळात त्याने जॅझची मोजकी आवरणे केली. आरसीए व्हिक्टरसाठी काउंट बेसीचे १९५५ मध्ये, ब्लू नोट या जॅझच्या कंपनीसाठी गिटारवादक केनी बरेलचे बीएलपी १५४३ या क्रमांकाचे, जॉनी ग्रिफिनचे ‘द काँग्रिगेशन’ आणि बरेलच्याच ‘ब्लू लाइट्स’चे दोन भाग, १५९६ व १५९७, ही त्यांतली ठळक. प्रेस्टिज कंपनीने काढलेल्या मूनडॉग या संगीतकाराच्या एलपीवर चित्रच नाही, सगळी जागा वळणदार अक्षरांनी भरली आहे आणि ती अक्षरे वॉरहॉलची आई ज्युलिया वॉरहोला हिची आहेत. वॉरहॉलची त्या काळातील पद्धत अशी, की एका कागदावर शाईने थोडी थोडी रेघ काढायची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून उमटवायची. त्यामुळे रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची आणि किंचित फुटलेली येते.

‘ब्लू लाइट्स’चा पहिला भाग मी आठ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून अस्सल म्हणून, एका महिन्याच्या पगाराइतक्या किमतीला घेतला होता. पहुडलेल्या स्त्रीचे ते चित्र माझ्या खोलीत भिंतीवर होते. आज ताईंनी ते हातात घेतले आणि पुढची बाजू न पाहता आधी तोंडाची कड पाहिली. पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी आवरणात आत करडा जाड पुठ्ठा असतो आणि त्यावर छापील कागद खळीने चिकटवलेला असतो. पुढचा कागद कडांवरून वळून मागे येतो आणि मागचा कागद त्यावर बसतो, म्हणून मागच्या बाजूला कडेपासून काही अंतरावर बोटाला एक बारीक पायरी लागते. माझ्या प्रतीत ती पायरी नव्हती. एकाच पांढऱ्या पातळ पुठ्ठ्यावर थेट छपाई झालेली होती.

मग दहापटीचे भिंग लावले. तुटक रेघ ही वॉरहॉलची खूण आहे म्हणून मी आजवर तिच्या कडेच्या खरखरीतपणाचे कौतुक करत आलो होतो. भिंगाखाली तो खरखरीतपणा शाईचा नसून जाळीच्या ठिपक्यांचा निघाला, आणि बारीक अक्षरांच्याही कडा तशाच ठिपक्यांनी विरलेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी छापील आवरणाचाच फोटो घेऊन त्यावरून हे पुन्हा छापले. मागच्या बाजूला ब्लू नोटचा ४७ वेस्ट ६३ स्ट्रीट हा जुना पत्ता तसाच आहे, पण फोटोत पत्ताही येणारच. शेवटी तबकडी काढली. लेबलाभोवती त्या काळातील दाबयंत्राची खोल गोल खाच नाही. खाचा संपतात तिथल्या मोकळ्या पट्टीत प्लास्टिलाइट कारखान्याची, कानासारखी दिसणारी वळणदार ‘पी’ ही खूणही नाही.

कार्डावर चित्रकार म्हणून वॉरहॉलचेच नाव राहील, कारण चित्र त्याचेच आहे. पुढे ‘पुनर्मुद्रण, काळ अनिश्चित’ असे लिहिले. विक्रेत्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. ताईंनी जाताना सांगितले, “भिंतीवर पुन्हा लावा, खिळा रिकामा ठेवू नका.” लावले आहे.

३ ऑगस्ट

इंग्लंडमध्ये छापलेली नऊ आवरणे आज घेतली. त्यांचा पुठ्ठा पातळ, पुढच्या बाजूला चकचकीत लॅमिनेशन, आणि पुढच्या कागदाच्या पट्ट्या मागे दुमडून उघड्यावरच चिकटवलेल्या. स्कॅनरमध्ये लॅमिनेशनच्या प्रत्येक सुरकुतीची पांढरी रेघ आली. म्हणून कॅमेरा उभ्या खांबावर लावून, दोन्ही बाजूंच्या दिव्यांवर आणि भिंगावर ध्रुवीकरणाच्या काचा एकमेकींना काटकोनात बसवून फोटो घेतले, तेव्हा चमक गेली. रंग मात्र या पद्धतीत थोडे गडद येतात. रंगांची मापपट्टी प्रत्येक फोटोत ठेवली आहे.

१७ ऑगस्ट

ब्लू नोटची चौदा आवरणे, त्यांतली बारा रीड माइल्सची. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे बारा वर्षांत या माणसाने कंपनीची शेकडो आवरणे मांडली आणि त्याला स्वतःला जॅझपेक्षा अभिजात पाश्चात्त्य संगीत अधिक आवडे. छायाचित्रे बहुतेक फ्रान्सिस वुल्फची. कंपनीचा संस्थापक आल्फ्रेड लायन याचा हा भागीदार बर्लिनचा, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना तो वादकांचे फोटो घेत असे. पैसे बेताचे असल्यामुळे अनेक आवरणे काळा आणि आणखी एक रंग एवढ्यावरच भागवलेली आहेत, आणि माझे प्रामाणिक मत असे की तिसरा रंग परवडला असता तर माइल्स एवढा चांगला झाला नसता. सॉनी क्लार्कच्या ‘कूल स्ट्रटिन’’वर रस्त्याने चाललेल्या बाईचे फक्त पाय आहेत, बाकी बाई कापून टाकली आहे. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम!’वर उद्गारचिन्हांची दाटी आहे आणि वादक बिचारा एका लहानशा चौकोनात वर ढकलला गेला आहे. अक्षर हेच चित्र, हे त्याने जितके जाणले तितके क्वचितच कोणी जाणले असेल.

एका आवरणाने गोंधळ घातला. मागे ब्लू नोट स्वतंत्र असतानाचा ४३ वेस्ट ६१ स्ट्रीटचा पत्ता, आत मात्र लिबर्टी कंपनीने साठच्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट विकत घेतल्यानंतरच्या लेबलाची तबकडी. कोणीतरी एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर चढवला आहे. सूची आवरणांची असल्याने तबकडीकडे पाहायचेच कशाला, असा डॉक्टरांचा मुद्दा होता. मला तो पटत नाही. कंपनी हातची गेल्यावरही जुनी छापील आवरणे शिल्लक असतील तोवर वापरली गेली असणे शक्य आहे, आणि तो निर्वाळा आतल्या तबकडीशिवाय देता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहून पुढे गेलो.

एस. नील फुजिताची दोन आवरणे याच दिवशी झाली. ‘टाइम आउट’ आणि ‘मिंगस आह उम’, दोन्ही कोलंबियाची, दोन्ही १९५९ ची. हवाईत जन्मलेल्या या जपानी वंशाच्या चित्रकाराला दुसऱ्या महायुद्धात आपल्याच देशाच्या छावणीत ठेवले गेले आणि नंतर तो त्याच देशाच्या सैन्यात लढला. वादकांचा फोटो न देता स्वतःचे अमूर्त चित्र त्याने पुढे ठेवले. ‘टाइम आउट’ आमच्यापैकी तिघांकडे आहे आणि तिन्हींचे रंग तीन तऱ्हेचे आहेत. सर्वांत कमी उन्हात राहिलेली काकांची प्रत घेतली.

१४ सप्टेंबर

गणपतीमुळे दोन आठवडे खंड पडला. काकांनी आज विचारलेला प्रश्न साधा होता. मुंबईत तीसच्या दशकापासून इतका जॅझ वाजला, मग आपल्या सूचीत मुंबईचे एकही आवरण का नाही?

उत्तर काळाच्या गणितात आहे. ताजमहाल हॉटेलातल्या बँडांचा बहर ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या दिवसांतला. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये मुंबईत मुद्रित केलेली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ अशीच सुटी तबकडी होती आणि सुट्या तबकडीला मिळे ते मधे भोक असलेले कागदी पाकीट. गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचा चेहरा आपल्याला दिसतो तो सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त. आवरणावर वादकाचा चेहरा येण्याचे दिवस उजाडले, तोपर्यंत या मंडळींचे पोट सिनेमाच्या वाद्यवृंदांवर चालू लागले होते आणि तिथे नाव छापले जात नसे.

अपवाद आहे तो लंडनमध्ये. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांच्या ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबतच्या ‘हम दोनो’ या १९६९ च्या एलपी तिथे निघाल्या आणि त्यांच्या पहिल्या आवृत्त्या आज संग्राहकांत फार वरच्या भावाने जातात. आमच्यापैकी कोणाकडेही त्या नाहीत. ताईंनी ‘हम दोनो’साठी कोरे कार्ड करून पेटीत शेवटी ठेवले आहे, सूचीत ते धरायचे नाही.

२१ सप्टेंबर

सहीची मोजणी पूर्ण झाली. एकसष्टांपैकी चोवीस आवरणांवर चित्रकाराची सही पुढच्या बाजूला आहे, एकोणीसांवर नाव मागे बारीक अक्षरांत, आणि तेरांची नावे एकमेकांच्या प्रती व कंपन्यांच्या जुन्या याद्या ताडून लावता आली. चार ठिकाणी रकान्यात ‘अज्ञात’ लिहावे लागले. तो शब्दही पाचही जणांनी पाहून, सही करून लिहायचा, असे ठरले, म्हणजे कंटाळा आला म्हणून तो लिहिला जाणार नाही. उरले एक, डॉक्टरांचे नॉरग्रान.

२८ सप्टेंबर

डॉक्टरांचा भाचा न्यू जर्सीत राहतो. तिथल्या एका संग्राहकाच्या घरी तीच दहा इंची एलपी असल्याचे कळल्यावर तो स्वतः गाडी घेऊन गेला आणि खालच्या उजव्या कोपऱ्याचे चार फोटो त्याने काल रात्री पाठवले. त्या प्रतीवर लेबल नाही. रंग उडालेला आहे आणि आतल्या तबकडीचा गोल घासून उमटला आहे, पण कोपऱ्यात काळ्या शाईत डेव्हिड स्टोन मार्टिन ही तीन शब्दांची सही स्वच्छ वाचता येते. दोन्ही प्रतींचे चित्र एकावर एक ठेवून पाहिले, तेव्हा सही बरोबर आपल्या लेबलाच्या खाली येते. ‘मार्टिन’मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी लेबलाच्या कडेबाहेर एक मिलिमीटर डोकावते आहे आणि ती आम्ही जुलैपासून शाईचा डाग समजत होतो.

रकाना भरला. लेबल तसेच ठेवले असून, त्यावरची पेनने लिहिलेली साडेअठरा रुपये ही किंमत ‘इतर’ या रकान्यात नोंदवली आहे.